एडसेल फोर्ड : नाव एका मोटारीला, जीव दुसरीत

अमेरिकेत एखादी वस्तू मोठ्या थाटात बाजारात आणली आणि ती साफ आपटली, की तिला 'एडसेल' म्हणून हिणवण्याची रीत आहे. तिचा उगम ४ सप्टेंबर १९५७ या दिवसात आहे. त्या दिवशी फोर्ड कंपनीने 'एडसेल' नावाच्या मोटारींची एक नवी मालिका देशभरातील विक्रेत्यांच्या दालनांत एकाच वेळी मांडली. जाहिरातींनी आधीचे कित्येक महिने लोकांची उत्सुकता ताणून धरली होती. नाव ठरवण्यासाठी हजारो पर्याय तपासले गेले होते. मॅरिअन मूर या नामवंत कवयित्रीलाही साकडे घालण्यात आले आणि तिने सुचवलेली एकाहून एक चमत्कारिक नावे बाजूला ठेवून अखेर मालकांच्या घरातलेच नाव मोटारीवर चढले. लोक मोटार पाहायला आले, तिच्या तोंडावरची घोड्याच्या गळपट्ट्यासारखी उभट जाळी पाहून हसले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. सव्वादोन वर्षांत सुमारे १ लाख १८ हजार मोटारी बनवून नोव्हेंबर १९५९ मध्ये कंपनीने हा पसारा आवरला. तोटा पंचवीस कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले गेले.

ज्याच्या नावाने ही मोटार निघाली, त्याला जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. मोटारीची एक रेषाही त्याने पाहिली नव्हती. त्याच्या घरच्यांचीही या नावाला मनापासून संमती नव्हती. दैवदुर्विलास असा, की या फजितीच्या सहाच वर्षे आधी, १९५१ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारीकडे शिल्प म्हणून पाहण्याचा प्रयोग केला आणि जगभरातून निवडून अवघ्या आठ मोटारी आपल्या दालनात मांडल्या. त्यांत १९४१ सालची 'लिंकन कॉन्टिनेंटल' होती. ती मोटार याच माणसाच्या आवडीतून आणि हट्टातून जन्मली होती. तिच्यावर मात्र त्याचे नाव कुठेही नाही.

एडसेल ब्रायंट फोर्डचा जन्म ६ नोव्हेंबर १८९३ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. हेन्री आणि क्लारा फोर्ड यांचे हे एकुलते एक अपत्य. हेन्रीने आपल्या शाळासोबत्याचे, एडसेल रुडिमनचे, नाव मुलाला दिले. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, जून १८९६ मध्ये, बॅग्ली अॅव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागील खोपटात हेन्रीने आपली पहिली मोटार जुळवली. फोर्ड मोटर कंपनी १९०३ ची आणि जगाला चाकांवर बसवणारी 'मॉडेल टी' १९०८ ची. म्हणजे एडसेलचे बालपण आणि अमेरिकेतील मोटारीचे बालपण अक्षरशः एकाच अंगणात गेले. पण त्या अंगणातून दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी वेचल्या. बापाला यंत्र कसे चालते याचे वेड होते. मुलगा मोटारींची चित्रे कापून वहीत चिकटवत बसे.

महाविद्यालयाचे तोंड एडसेलने पाहिले नाही. शालेय शिक्षण आटोपताच तो वडिलांच्या कारखान्यात रुजू झाला. टपाल, हिशेब, विक्री, खरेदी अशा सगळ्या खात्यांचे काम त्याने मुकाट्याने शिकून घेतले. १९१५ च्या उन्हाळ्यात मित्रांसह तो मॉडेल टी घेऊन डेट्रॉइटहून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाला गेला, तेही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. त्याच्या शांत, संकोची आयुष्यातील हा बहुधा सर्वांत धाडसी काळ असावा. पुढच्याच वर्षी एलेनॉर क्ले हिच्याशी त्याचा विवाह झाला. डेट्रॉइटमधील बड्या पेढीचे मालक हडसन हे तिचे मामा. हेन्रीला श्रीमंतांच्या मेजवान्या, चित्रसंग्रह, मद्याचे पेले यांचा तिटकारा होता. मुलगा नेमका त्याच वर्तुळात रमला आणि डिअरबॉर्नच्या वडिलोपार्जित परिसरापासून दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला सरोवराकाठी राहू लागला. हेन्रीने ही गोष्ट मनातून कधी काढली नाही.

१ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एडसेल कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी फोर्ड कुटुंबाने इतर भागधारकांचे समभाग सुमारे साडेदहा कोटी डॉलर मोजून विकत घेतले आणि जगातील सर्वांत मोठा मोटार कारखाना एका घराच्या मालकीचा झाला. कागदोपत्री सगळे एडसेलच्या स्वाधीन होते. प्रत्यक्षात हेन्रीकडे अध्यक्षपद नव्हते आणि तरीही त्याच्या होकारावाचून पान हलत नव्हते. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा, अशा खुर्चीत एडसेल पुढची चोवीस वर्षे बसला.

या खुर्चीची खरी किंमत ब्रेकच्या गोष्टीवरून कळते. मॉडेल टी अठरा वर्षे जवळजवळ तशीच विकली जात होती. १९१४ पासून तर बराच काळ ती फक्त काळ्या रंगात मिळे. दरम्यान शेव्हरोले दरवर्षी नवा रंग, नवे रूप घेऊन येत होती. काळ बदलला आहे हे वडिलांना पटवण्यात एडसेलची कित्येक वर्षे गेली. शेवटी २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्याबाहेर आली. ती बाहेर आणताना बापलेक एकत्र बसले होते. त्यानंतर ते मॉडेल बंद झाले आणि डिसेंबरमध्ये 'मॉडेल ए' अवतरली. इंजिन, चासी वगैरे हेन्रीचे. बाह्यरूप मात्र त्याने मुलावर सोपवले. एडसेलने लिंकन या महागड्या मोटारीचा डौल लहान आकारात उतरवला. मोटार नाजूक, नीटस दिसू लागली आणि सुमारे अठ्ठेचाळीस लाख विकली गेली. पण एडसेलला तिच्यात तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक हवे होते. ख्रायस्लरने ते १९२४ मध्येच दिले होते. हेन्रीचा विश्वास पोलादी सळ्यांवर. तेलाचे ब्रेक फोर्डच्या मोटारीत यायला १९३९ चे मॉडेल उजाडावे लागले.

रूपाच्या बाबतीत मात्र हेन्रीने फारशी आडकाठी केली नाही. त्याचे कारण औदार्य नव्हे. रूप ही गोष्टच त्याच्या लेखी बिनमहत्त्वाची होती. एडसेलला आयुष्यात मोकळा श्वास घेता आला तो बापाच्या या अनास्थेमुळे.

ही मोकळीक त्याला प्रथम मिळाली ती लिंकन कंपनीत. कॅडिलॅकचा संस्थापक हेन्री लेलँड याने उतारवयात लिंकन ही दुसरी कंपनी काढली होती. तिचे यंत्रकाम अव्वल, पण रूप जुनाट. त्यात करांचा तगादा. कंपनी बुडाली. फेब्रुवारी १९२२ मध्ये फोर्डने ती ऐंशी लाख डॉलरला लिलावात घेतली. काही महिन्यांतच हेन्रीच्या माणसांशी खटके उडून लेलँड पितापुत्र बाहेर पडले आणि लिंकनची सूत्रे एडसेलकडे आली. त्या काळी श्रीमंत गिऱ्हाइके चासी एकीकडून घेत आणि तिच्यावरचा साज बग्ग्या बांधणाऱ्या जुन्या घराण्यांकडून करवून घेत. ब्रन, जडकिन्स, लेबॅरन, डीट्रिश अशी ही घराणी. एडसेलने त्यांना हाताशी धरले, त्यांच्याकडून रेखाटने मागवली आणि एकेका नमुन्याच्या लहान लहान तुकड्या बनवून घेतल्या. दार कुठे संपावे, काचेची कड किती तिरपी असावी, रंगाच्या दोन छटांमधली पट्टी किती बारीक असावी, हे सारे तो बारकाईने पाही. महाविद्यालयात न गेलेल्या माणसाचे हे शिक्षण होते.

मोटारींचे आराखडे तो स्वतः काढत नसे, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे उत्तम संपादक जसा स्वतः कथा न लिहिता कथा उभी करतो, तसे एडसेलचे होते. काय टाकावे हे त्याला अचूक कळे. त्याला हवा होता तो हात. तो त्याला यूजीन ग्रेगरीच्या रूपात मिळाला. ग्रेगरी, ज्याला सगळे बॉब म्हणत, हा न्यूयॉर्कचा, १९०८ सालचा. त्याचाही महाविद्यालयाशी संबंध आला नव्हता. शिडाच्या आणि यांत्रिक नौकांचे आराखडे काढता काढता तो मोटारींकडे वळला होता आणि १९३१ मध्ये लिंकनमध्ये नोकरीस लागला. इंग्लंडसाठी काढलेल्या एका छोट्या फोर्डचे रूप त्याने असे बेतले, की एडसेलने तेच मोठे करून १९३३ च्या अमेरिकन फोर्डला दिले. जनरल मोटर्सने हार्ली अर्लच्या हाताखाली १९२७ मध्येच रूपरचनेचा स्वतंत्र विभाग काढला होता. फोर्डमध्ये असा विभाग १९३५ मध्ये निघाला. त्याचा प्रमुख ग्रेगरी तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता आणि हाताखाली मूठभर माणसे होती.

दुपारच्या सुमारास एडसेल या विभागात डोकावे. बैठका, हिशेब, वडिलांचे निरोप हे सगळे दाराबाहेर ठेवून तो मातीच्या नमुन्यासमोर उभा राही. फारसे बोलणे होत नसे. कोट घातलेला सडपातळ अध्यक्ष आणि बाह्या सरसावलेला नौकांचा आरेखक, दोघे एखाद्या वळणाभोवती घुटमळत. या जोडीने प्रथम एडसेलच्या स्वतःच्या हौसेसाठी दोन बुटक्या, उघड्या मोटारी बनवल्या. १९३४ च्या मोटारीचे अंग तर विमानासारखे अॅल्युमिनियमचे होते.

विमानांचा उल्लेख आला आहे तर हेही सांगायला हवे, की फोर्डच्या तीन इंजिनांच्या विमानामागे एडसेलचेच पाठबळ होते. रिचर्ड बर्डच्या ध्रुवीय मोहिमांना त्याने पैसे दिले. १९२६ मध्ये उत्तर ध्रुवाकडे झेपावलेल्या बर्डच्या विमानाला एडसेलच्या लहानग्या मुलीचे, जोसेफीनचे, नाव होते आणि अंटार्क्टिकातील एका पर्वतरांगेला बर्डने एडसेलचे नाव दिले. हे नाव अजून नकाशावर आहे.

तिशीच्या दशकाच्या आरंभीची मंदी डेट्रॉइटवर फार क्रूर कोसळली. ७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा एक मोर्चा फोर्डच्या रूज कारखान्याच्या फाटकाशी आला. पोलीस आणि कंपनीचे पहारेकरी यांनी गोळीबार केला. चार जण जागीच मेले, पाचवा पुढे दगावला. कंपनीचा अध्यक्ष एडसेल होता. पहारेकऱ्यांचा म्होरक्या हॅरी बेनेट मात्र थेट हेन्रीचा माणूस होता; मुष्टियोद्धे आणि तुरुंगातून सुटलेले गुंड जमवून त्याने कारखान्यात दहशत बसवली होती. एडसेलला बेनेटची किळस होती. परंतु किळस वेगळी आणि विरोध वेगळा. एडसेलच्या सौजन्याचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कामगार संघटनेशी बोलणी करावीत असे तो घरात सांगत राहिला, पण १९३७ मध्ये संघटनेच्या पुढाऱ्यांना कारखान्याच्या पुलावर रक्तबंबाळ करण्यात आले तेव्हाही त्याच्या अध्यक्षपदाने काही अडवले नाही. करार झाला तो १९४१ मध्ये, संपानंतर.

मोर्च्यावर गोळ्या चालल्या त्याच वर्षी मेक्सिकोचा साम्यवादी चित्रकार दिएगो रिव्हेरा डेट्रॉइटला आला. शहराच्या कलामंडळाचा अध्यक्ष एडसेलच होता. कला संग्रहालयाच्या चौकात रिव्हेराने भित्तिचित्रे काढावीत ही कल्पना संग्रहालयाचे संचालक वॅलेंटिनर यांची; पैसे एडसेलचे. रिव्हेरा पत्नी फ्रिडा काहलोसह महिनोन्‌महिने डेट्रॉइटमध्ये राहिला, रूज कारखान्यात हिंडला आणि त्याने सत्तावीस चित्रचौकटींत भट्ट्या, साचे, सरकते पट्टे आणि त्यांच्याशी झुंजणारी माणसे उभी केली. मार्च १९३३ मध्ये चित्रे खुली झाली आणि गदारोळ उठला. लस टोचण्याच्या चित्रात येशूजन्माची थट्टा आहे, बाकीच्यांत साम्यवादाचा प्रचार आहे, भिंतींवर चुना फासा, अशी मागणी झाली. एडसेलने चित्रकाराची बाजू घेतली. ज्या माणसाला बापासमोर ब्रेकचा मुद्दा रेटता आला नाही, तो गावाच्या रोषासमोर शांतपणे उभा राहिला. भिंती वाचल्या. दक्षिणेकडील भिंतीच्या कोपऱ्यात वॅलेंटिनरच्या शेजारी एडसेल आजही दिसतो, गंभीर आणि किंचित अवघडलेला.

लिंकनचे दिवसही मंदीने कठीण केले होते. अवाढव्य, महाग मोटारी घेणार कोण? तेव्हा एडसेलने मध्यम किमतीची लिंकन काढायचे ठरवले. जॉन चार्डा या डच आरेखकाच्या वाऱ्याला वाट देणाऱ्या घाटावरून १९३६ ची 'लिंकन झेफर' बेतली गेली. तिचे नाक ग्रेगरीने नौकेच्या नाळेसारखे टोकदार केले. तिच्यात बारा सिलिंडरांचे इंजिन होते. झेफरने लिंकनला तगवले आणि पुढच्या कथेची जमीनही तयार केली.

१९३८ च्या शरदात एडसेलने ग्रेगरीला आपल्या मनातली मोटार सांगितली. फ्लोरिडात हिवाळ्याच्या सुट्टीत स्वतः चालवायला एक खासगी मोटार. सडपातळ, युरोपीय धाटणीची. मागच्या आसनावर बसून चालकाला हुकूम सोडणाऱ्या मालकाची नव्हे, चाक स्वतःच्या हाती घेणाऱ्या मालकाची. अमेरिकेत तोवर श्रीमंती आणि आकारमान यांचे नाते पक्के होते. ज्याच्यापाशी पैसा तो उंच, चौकोनी गाडीत मागे बसणार. स्वतः चालवायची हौस असलेला तरुण छोट्या, उघड्या, फटफटणाऱ्या गाडीत. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती. पुढे वीस वर्षांनी चार आसनी 'थंडरबर्ड'ने त्या जागेत मोठा बाजार उभा केला आणि अशा मोटारींना 'पर्सनल लक्झरी कार' हे नाव रूढ झाले. दोन दारे, लांब बॉनेट, आखूड डिकी, आत सुखसोयींची रेलचेल आणि शर्यतीचा सोस नाही, ही त्यांची लक्षणे. ती सगळी या एका खासगी मोटारीत आधीच एकवटली होती.

ग्रेगरीने झेफरचा एक दशांश मापाचा आराखडा टेबलावर पसरला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि तासाभराच्या आत नवी आकृती काढली. बॉनेट सुमारे सात इंचांनी पुढे ताणले. सगळे अंग काही इंचांनी खाली दाबले. आसने मागे सरकली, डिकी आखूड झाली. दाराखालचे फूटबोर्ड गेले, कडेची चकचकीत पट्टी गेली, बॉनेटवरचे अलंकार जवळजवळ गेले. राहिली ती एक लांब आडवी रेषा. नौका पाण्यावर जशी बसते, तशी ही मोटार रस्त्यावर बसली.

आणि मागे आली स्टेपनी. त्या काळात अमेरिकन मोटारींनी सुटे चाक डिकीत लपवायला सुरुवात केली होती. पण इथे आखूड डिकीच्या मागे, पत्र्याच्या गोल आवरणात, ते सरळ उभे केले होते. खरे पाहता ही उलटी वाट होती. सामान काढायला गैरसोयीची आणि थोडी जुनाटही. तरी त्या उभ्या वर्तुळामुळे मोटारीच्या लांब आडव्या रेषेला थांबायला जागा मिळाली. ते काढून पाहिले तर मागचा भाग मध्येच तोडल्यासारखा वाटतो. पुढे पन्नाशीच्या दशकात कुठल्याही मोटारीमागे असे चाक लटकवण्याचे वेड अमेरिकेत पसरले आणि त्या जोडणीलाच 'कॉन्टिनेंटल' म्हणू लागले. बहुतेक ठिकाणी ती शोभली नाही, कारण खालची रेषा दुसऱ्याच मोटारीची होती.

पहिला नमुना झेफर कापूनच तयार झाला. आडवे काप घेऊन पत्र्याच्या पट्ट्या काढल्या, उरलेले भाग पुन्हा जोडले, सांधे शिशाने बुजवले आणि कानशीने घासून गुळगुळीत केले. करड्या रंगाची ती मोटार १९३९ च्या वसंतात फ्लोरिडात होब साउंडला एडसेलकडे रवाना झाली. तिथे सुट्टीला आलेल्या धनिक शेजाऱ्यांनी ती पाहिली आणि आपल्यालाही हवी म्हणून मागे लागले. एडसेलने डेट्रॉइटला निरोप धाडला : ही मोटार विक्रीसाठी बनवायची.

ऑक्टोबर १९३९ मध्ये ती बाजारात आली. सुरुवातीला तिच्यासाठी स्वतंत्र साचेच नव्हते. तासाला शेकडो मोटारी ओकणाऱ्या फोर्डच्या साम्राज्यात, एका कोपऱ्यात, कारागीर झेफरचे पत्रे ठोकून, जोडून, शिसे ओतून एकेक कॉन्टिनेंटल घडवत होते. सरकत्या पट्ट्याचा जनक जो हेन्री फोर्ड, त्याच्याच छपराखाली मुलाने हातकामाचा कारखाना थाटला होता. १९४० च्या मॉडेलच्या चारशेच्या आसपास मोटारी बनल्या. किंमत तीन हजार डॉलरच्या जवळ. साधी फोर्ड तेव्हा हजाराच्या आत मिळे. कंपनीच्या नफ्यात या मोटारीने भर घातली नाही.

ती निर्दोष होती असेही नाही. बारा सिलिंडरांचे ते इंजिन मूळ झेफरचे, म्हणजे काटकसरीत बेतलेले. ते तापे, त्यात तेलाचा गाळ साचे आणि नंतरच्या अनेक मालकांनी वैतागून ते काढून दुसऱ्या मोटारींची इंजिने बसवली. वेगाच्या बाबतीतही तिचा दरारा नव्हता. यंत्राच्या कसोटीवर हेन्रीचे पारडे जड ठरेल. पण लोकांनी तिला जपले ते तिच्या घाटासाठी. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९४० ची कॉन्टिनेंटल घेऊन आपल्या लाडक्या लालसर रंगात रंगवली आणि पुढे अपघातानंतर टपाची पुनर्बांधणी करताना मागची काचच काढून टाकली. इमारतींप्रमाणे मोटारीलाही सुधारण्याचा मोह त्याला आवरला नाही, एवढेच म्हणायचे.

युद्धाने हे सगळे थांबवले. जून १९४० मध्ये ब्रिटनसाठी रोल्स-रॉइसची सहा हजार मर्लिन विमान-इंजिने बनवून देण्याचा शब्द एडसेलने सरकारला दिला. ही बातमी जाहीर झाली आणि हेन्रीने, युद्ध करणाऱ्या परदेशासाठी आपण काही बनवणार नाही, असे सांगून मुलाचा शब्द मोडला. काम पॅकार्ड कंपनीकडे गेले. जगासमोर झालेली ही मानखंडना एडसेलने नेहमीप्रमाणे गिळली. नंतर अमेरिका स्वतः युद्धाच्या उंबरठ्यावर आल्यावर विलो रन येथे बी-२४ बाँबफेकी विमानांचा प्रचंड कारखाना उभारण्याचे काम त्याने आणि चार्ल्स सोरेनसनने शिरावर घेतले. त्या कारखान्यातून अखेरीस ८,६८५ विमाने निघाली. भराच्या काळात तासाला एक. तो भर पाहायला एडसेल नव्हता.

पोटातील व्रणांनी तो काही वर्षे हैराण होता. जानेवारी १९४२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. व्रणाआड कर्करोग होता. त्यात फोर्डच्या शेतावरील न तापवलेल्या दुधातून होणाऱ्या तापाची भर पडली. दूध निर्जंतुक करणे हे हेन्रीच्या मते थोतांड होते. मुलाचे दुखणे त्याच्या राहणीतून आले आहे, खाणेपिणे सुधारले की बरे वाटेल, अशी हेन्रीची समजूत शेवटपर्यंत होती. एप्रिल १९४३ मध्ये त्याने सोरेनसनमार्फत एडसेलला त्याच्या दोषांची यादी कळवली. बेनेटशी जुळवून घे, हा तिचा गाभा. सोरेनसनने आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २६ मे १९४३ रोजी, सरोवराकाठच्या घरी एडसेलने प्राण सोडला. वय एकोणपन्नास. बापलेकांनी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर काढली तो दिवस २६ मे, पुलावरच्या मारहाणीचा दिवस २६ मे, आणि हाही २६ मे. या योगायोगाला अर्थ काहीच नाही, पण तो डोळ्यांत खुपतो.

ऐंशीच्या घरातील हेन्री पुन्हा अध्यक्ष झाला. स्मरण ढळलेले, बेनेट बाजूला. कंपनी कोसळते की काय अशी स्थिती आली. एरवी सभ्यतेची मूर्ती असलेल्या एलेनॉरने तेव्हा आपले समभाग विकण्याची धमकी दिली. जे नवऱ्याला चोवीस वर्षांत जमले नाही, ते तिने एका वाक्यात केले. सप्टेंबर १९४५ मध्ये तिचा थोरला मुलगा, दुसरा हेन्री फोर्ड, अध्यक्ष झाला आणि पहिल्याच दिवसांत त्याने बेनेटला घरी पाठवले. ग्रेगरीला एडसेलच्या पश्चात कंपनीतून जावे लागले होते. त्याला परत बोलावण्यात आले, पण त्याचे मन रमले नाही. १९४६ च्या अखेरीस तो बाहेर पडला आणि फ्लोरिडात जाऊन पुन्हा नौका रेखाटू लागला. २००२ पर्यंत तो जगला.

एडसेलची आणखी एक निर्मिती भारताच्या परिचयाची आहे. वारसा करातून कंपनी कुटुंबाकडे टिकावी, या व्यावहारिक हिशेबाने १९३६ मध्ये त्याने पंचवीस हजार डॉलर घालून 'फोर्ड फाउंडेशन' नावाचा न्यास काढला. बापलेकांच्या मृत्यूनंतर कंपनीचे बहुसंख्य समभाग त्यात आले आणि तो जगातील सर्वांत श्रीमंत न्यासांपैकी एक बनला. त्याचे परदेशातील पहिले कार्यालय १९५२ मध्ये नवी दिल्लीत उघडले. याच न्यासाच्या साहाय्याने चार्ल्स आणि रे ईम्स हे आरेखक दांपत्य भारतात आले, त्यांनी १९५८ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी साध्या लोट्याच्या घाटाचे जे कौतुक केले आहे, ते एडसेलला नक्की उमगले असते.

युद्धानंतर कॉन्टिनेंटल पुन्हा बनू लागली, पण तिच्या तोंडावर जाडजूड चकाकती जाळी आली होती. १९४८ मध्ये ती थांबली. सगळ्या मिळून सुमारे ५,३०० मोटारी झाल्या. एडसेलचा धाकटा मुलगा विल्यम क्ले वडील गेले तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे त्याने हट्ट धरून वडिलांच्या मोटारीचा वारस घडवायला घेतला. 'कॉन्टिनेंटल मार्क टू' १९५५ च्या ऑक्टोबरात आली. इतर अमेरिकन मोटारी तेव्हा पंख आणि क्रोमच्या पट्ट्या मिरवत होत्या. ही मात्र जवळजवळ अनलंकृत, लांब बॉनेटची आणि आखूड डिकीची. किंमत दहा हजार डॉलरला टेकलेली आणि तरीही प्रत्येक मोटारीमागे कंपनीला खोट. तीन हजारांच्या आसपास मोटारी बनवून मे १९५७ मध्ये तिचे काम बंद झाले. तिच्या डिकीच्या झाकणावर विल्यमने चाकाच्या आकाराचा एक गोल उंचवटा ठेवला होता. तो केवळ शोभेचा म्हणता आला असता. पण झाकण उघडले की त्या उंचवट्याखाली स्टेपनी खरोखरच उभी असे.